लाल गाडीला शिवलेला कावळा

भोसरीच्या एमआयडीसीत उद्धवराव शिंगाड्यांचा शेड शोधायला पत्ता लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि धप्प, धप्प असा जमीन हलवणारा आवाज ज्या बाजूनं येतो तिकडं चालत सुटायचं. आत तीन पॉवर प्रेस आहेत. चारचाकीच्या सीटखाली जे लोखंडी ब्रॅकेट असतात, ज्यांच्याकडे गाडीचा मालक जन्मात कधी वाकून बघत नाही, ते इथं निघतात. "लोकं गाडीत टेकून बसत्यात ते आमच्या जिवावर," हे वाक्य उद्धवराव पहिल्या भेटीत प्रत्येकाला ऐकवायचे आणि दुसऱ्या भेटीत, पहिली विसरून, पुन्हा ऐकवायचे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते भूमकडून इकडे आले तेव्हा बरोबर पत्र्याची एक पेटी होती आणि नऊ वर्षांचा धाकटा भाऊ होता, नवनाथ. आईवडील वर्षाच्या आत एकापाठोपाठ गेलेले. आठ माणसांच्या खोलीत भावाला कुशीत घेऊन झोपायचं, सकाळी त्याला शाळेच्या फाटकात सोडायचं आणि दुसऱ्याच्या प्रेसवर बारा तास उभं राहायचं, यात त्यांचं तरुणपण गेलं. पुढं यशोदाबाईंशी लग्न झालं, स्वतःचा शेड झाला, मूलबाळ मात्र झालं नाही. लोक हळहळायला लागले की यशोदाबाई म्हणायच्या, "हाय की एक. जरा मोठं झालंय, एवढंच."

ते मोठं झालेलं मूल प्रेसवर असं तयार झालं की पंचक्रोशीत त्याचा हात धरणारं कुणी उरलं नाही. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बसवावी ती नवनाथनंच. दुसऱ्यानं बसवली तर पहिले शंभर नग भंगारात जायचे. पण जीव त्याचा गाड्यांत. ब्रॅकेटची भोकं बघून तो सांगायचा, हे कुठल्या गाडीचं, डाव्या सीटचं की उजव्या. जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या पालथ्या पेटीवर बसायचं, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर एका परदेशी कंपनीची दोन दारांची स्पोर्ट्स कार. रंग निवडा, चाकं निवडा, सीटचं कातडं निवडा, कातड्याची शिलाई कुठल्या धाग्यानं तेही निवडा. सगळं निवडून झालं की तळाशी किंमत यायची. ती यायच्या आत नवनाथ फोन बंद करायचा आणि हात धुवायला जायचा. शेजारच्या पावडर कोटिंगच्या शेडमधला अय्याज, मालक मीरासाहेबांचा मुलगा, रोज त्याच्या बाजूला बसून सल्ले द्यायचा. चाकं काळी की रुपेरी यावरून दोघांचा एकदा आठ दिवस अबोला झाला होता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं म्हणून उद्धवराव हसायचे.

तीन वर्षांपूर्वी चाकणच्या एका मोठ्या गाडी कंपनीत जागा निघाली. तयार झालेली प्रत्येक नवी गाडी आतल्या ट्रॅकवर चालवून बघायची, कुठं खडखडते का, ब्रेक नीट लागतो का ते सांगायचं, एवढंच काम. नवनाथनं लेखी दिली, गाडीही चालवून दाखवली. फॉर्मवर नंबर दिला तो शेडचा. प्रेसवर उभ्या माणसाच्या खिशात मोबाइल असता कामा नये, हा उद्धवरावांचाच नियम होता. एका कामगाराचं बोट गेलं तेव्हापासूनचा. शेडमध्ये टेबलावर जुना लँडलाइन होता आणि प्रेसच्या धडधडीतही ऐकू यावा म्हणून भिंतीवर शाळेत असते तशी घंटा त्याला जोडलेली होती.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, साडेबाराच्या सुमाराला, घंटा वाजली. नवनाथ लोणचं आणायला अय्याजच्या शेडमध्ये गेला होता. तीस पावलं लांब. उद्धवरावांनी फोन उचलला, पलीकडच्या माणसाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो नाही यायचा साहेब. त्याचा विचार बदललाय."

ते वाईट माणूस नव्हते. त्याच महिन्यात मोठी ऑर्डर हाती आली होती आणि नवनाथ गेला तर डाय कोण बसवणार, एवढाच विचार त्या क्षणी डोक्यात आला. चार महिने जाऊ देत, मग आपणच त्याला कुठल्यातरी कंपनीत चिकटवून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चार महिन्यांनी दुसरी ऑर्डर आली. नवनाथ पंधरा दिवस रोज संध्याकाळी नळावर हात धुताना विचारायचा, "दादा, फोन आलता का?" उद्धवराव "न्हाई" म्हणायचे. सोळाव्या दिवशी त्यानं विचारलं नाही. सुट्टीत गाडी निवडायचं मात्र त्यानं सोडलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत नवनाथ गेला. डायला धार लावून आणायला मोटरसायकलवरून निघाला होता, महाळुंग्याच्या वळणावर कंटेनर आडवा आला. बाकी सांगण्यासारखं काही नाही. त्या सकाळी घरात भांडण झालं होतं. नवनाथची बायको स्वरूपा तळवड्याला पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला. तिला निघायची घाई, घरातला गॅस संपलेला, आणि नवरा उंबऱ्यात बसून मोबाइलवर गाडीला चाकं लावतोय. ती बोलून गेली, "गाडी ज्याला चालवता येते त्याला कंपनी बोलावते. तुम्हाला कुणी बोलावलं?" नवनाथनं हेल्मेट उचललं आणि निघाला.

हे तिनं एकट्या यशोदाबाईंना सांगितलं, चौथ्या दिवशी, त्यांच्या मांडीत तोंड खुपसून. "डोळ्यांत पाणी असलं की समोरचं दिसत नाही हो बाई. मीच मारलं त्यांना." यशोदाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. उद्धवराव भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. तिथंच बोलले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दहावा मोशीच्या घाटावर झाला. इंद्रायणीकाठी पिंड ठेवला, गावाकडून आलेला चुलतपुतण्या क्रियेला बसला, आणि सगळे लांब सरकून उभे राहिले. कावळे होते. समोरच्या बाभळीवर सात-आठ बसले होते. एकही खाली येईना. असं झालं की गेलेल्याची काही इच्छा राहिलीय असं समजून जो तो पुढं होऊन शब्द देतो. यशोदाबाई म्हणाल्या, स्वरूपाला लेकीसारखी सांभाळीन. स्वरूपाच्या वडिलांनी काहीतरी सांगितलं. एक पाहुणे म्हणाले, गावाकडचं घर बांधून काढू. कावळे ढिम्म. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन चढलं, लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले आणि बाभळीवरचे गप्प. शेवटी गुरुजी पिशवीतून दर्भ काढायला लागले. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा आणि मोकळं व्हायचं, ही शेवटची सोय असते. ती वेळ घरच्यांना फार लागते.

तेव्हा उद्धवराव एकटेच पुढं गेले, पिंडासमोर गुडघे टेकून वाकले आणि जमिनीशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "नवनाथ, फोन आलता. मी तिला सांगतो."

नेमक्या त्याच वेळी, मागं चपला काढून उभा असलेला अय्याज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नवनाथ, तुझी लाल गाडी घेऊ आपण, भावा. तू निवडलेली, तशीच्या तशी."

कावळा आला. बाभळीवरून सरळ उतरला आणि पिंडावर चोच मारली. बायका रडायला लागल्या. पुरुषांनी अय्याजच्या पाठीवर हात ठेवले. तो भांबावून गेला होता, "मी आपलं सहज बोललो हो," म्हणत होता. उद्धवराव गुडघ्यांवरच बसून राहिले. कावळा कुणाचं ऐकून उतरला ते सांगणारं तिथं कुणी नव्हतं, आणि गावानं तर निकाल देऊनही टाकला होता. घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत उद्धवरावांनीही तो मान्य करून टाकला. गाडी विकत मिळते.

पण चौदाव्याला शेड उघडला त्या दिवशी सुट्टीत, साडेबाराला, घंटा वाजली. उद्धवरावांनी घास खाली ठेवून फोन उचलला. नुसता डायल टोन. जेवणारी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. "कुणाचा होता?" त्यांनी विचारलं. ज्ञानेश नावाचा जुना प्रेस ऑपरेटर म्हणाला, "काय कुणाचा, भाऊ?" घंटा दुसऱ्या कुणी ऐकलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानं उद्धवरावांनी स्टुलावर चढून घंटेची वायर उपटून टाकली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती तुटक्या वायरीसकट वाजली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. संध्याकाळी नळावर जायचं त्यांनी सोडलं. तिथं पाणी सोडलं की शेजारून कुणीतरी हात पुढं करतंय असं वाटायचं, आणि तो आवाज, रागाचा नव्हे, रोजचाच, "दादा, फोन आलता का?" ते तसेच काळ्या हातांनी घरी जायला लागले.

स्वरूपा समोर यायची तेव्हा तर फारच अवघड व्हायचं. ती पहिल्यासारखीच चहा आणून द्यायची, थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायची. वाळून काडी झाली होती. जेवताना पहिला घास तिच्या गळ्याखाली उतरायचा नाही, पाण्याबरोबर ढकलायची. उद्धवराव बघायचे आणि सांगायचं ठरवायचे आणि म्हणायचे, "जरा मीठ दे."

एकदा गाडी दारात आली की हे थांबेल, असं त्यांनी धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार. मोशीचा प्लॉट, म्हातारपणासाठी ठेवलेला, त्यांनी विकला. लोकांनी वेड्यात काढलं, मेलेल्या माणसाला गाडी घ्यायला निघालेत म्हणून. तेच लोक दुसऱ्या तोंडानं म्हणायचे, भाऊ असावा तर असा. हे दुसरं ऐकलं की उद्धवराव तिथून उठून जायचे.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ते स्वरूपाला आणि अय्याजला घेऊन वाकडच्या पुढं हायवेला लागून असलेल्या शोरूममध्ये गेले. गाडी स्वरूपाच्या नावावर घ्यायची होती. तिला नको होती, पण कावळा शिवलाय म्हटल्यावर नको कसं म्हणणार? आत इतकं थंड आणि गप्प होतं की अय्याज दारात पुन्हा चपला काढायला लागला. दिव्या नावाच्या मुलीनं हसून थांबवलं आणि तिघांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. गाडी तयार मिळत नाही, तिनं समजावून सांगितलं. तुम्ही एकेक गोष्ट निवडायची, ऑर्डर कारखान्यात जाते आणि तुमच्या निवडीची गाडी बनून येते, सात-आठ महिन्यांत.

"आमच्या प्रेसचं तसंच असतंय," उद्धवराव म्हणाले. बाजूला उभ्या गाडीजवळ जाऊन ते सवयीनं खाली बसले, मान वाकडी करून सीटखाली बघितलं. चार भोकांचा ब्रॅकेट होता, कड सुंदर मारलेली. हे कुणी बनवलं ते नवनाथनं लगेच ओळखलं असतं. त्यांना उठायला अय्याजचा हात लागला.

"सुरुवात रंगापासून करूया," दिव्या म्हणाली.

"लाल," अय्याज म्हणाला.

"निळी," स्वरूपा म्हणाली.

अय्याज हसला. "वहिनी, लाल. मला पाठ आहे सगळं. लाल, वरचं छत काळं, ब्रेकचे कॅलिपर पिवळे."

स्वरूपानं पर्स उघडून नवनाथचा मोबाइल काढला. काच तडकलेली होती, पण चालू होता. ती तो रोज चार्ज करायची. तिनं तो टेबलावर ठेवला. त्याच्या पडद्यावर गाडी होती, निळी, संध्याकाळ झाल्यावर आभाळ होतं तसली. "दिवाळीपासून निळी केली होती. लाल म्हणजे पोरकट वाटतं म्हणाले. तुम्हाला नाही सांगितलं, तुम्ही चिडवाल म्हणून."

अय्याजनं फोनकडे बघितलं, मग उद्धवरावांकडे. "पण मी घाटावर लाल म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला.

"जाऊ द्या अय्याजभाऊ," स्वरूपा म्हणाली, "कावळ्याला काय रंग कळतो?"

उद्धवराव त्या निळ्या गाडीकडे बघत राहिले. कावळ्याला कळत नसेल. पण भोकं बघून डावी-उजवी सीट सांगणारा त्यांचा भाऊ चुकीच्या रंगाच्या गाडीसाठी उतरून आला असता? त्यानं तर नग अर्ध्या सुतानं चुकला तरी परत पाठवला असता. मग तो उतरला कशासाठी, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिव्या एकेक विचारत गेली आणि स्वरूपा उत्तरं देत गेली, कुठंही न अडखळता. चाकं काळी, त्या अबोल्यात शेवटी अय्याजच जिंकला होता आणि त्याला ते आज कळत होतं. सीट करड्या, शिलाई पांढऱ्या धाग्याची. भांडण झालं की ते धागा बदलायचे, ती म्हणाली, राग गेला की परत पांढरा. सायलेन्सरचा आवाज मोठा नको, ट्रॅकवर नीट ऐकू यायला हवं कुठं काय वाजतंय ते. सीट गरम करायची सोय हवी का, असं विचारल्यावर ती पहिल्यांदा हसली. "आमच्या भोसरीत? पत्र्याखाली?" दिव्याही हसली. पडद्यावर गाडी हळूहळू पुरी होत चालली होती आणि उद्धवरावांना वाटायला लागलं की मागच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी पुढं वाकून, मान डोलावत बघतंय. वळून बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

"झालंच आता," दिव्या म्हणाली. "गाडी तयार झाली की आम्ही फोन करतो. कुठला नंबर लिहू?"

उद्धवरावांच्या तोंडून सवयीनं शेडचा नंबर निघाला. अर्धा सांगून झाला होता तेव्हा स्वरूपानं मध्येच थांबवलं.

"तो नको भाऊजी. यांनीपण त्या कंपनीला तोच दिला होता." ती दिव्याकडे बघत होती, आवाजात काही नव्हतं. "वाट बघून बघून थकले. कुणी फोन केलाच नाही. माझा लिहा."

"केलता," उद्धवराव म्हणाले.

त्यांना वाटलं दुसरंच कुणी बोललं. पण तिघं त्यांच्याकडे बघत होते.

"फोन आलता, स्वरूपा. तीन वर्षांमागं. बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी नवनाथला निवडलं होतं. सोमवारी सकाळी आठला दोन नंबरच्या गेटवर या म्हणाले, लायसन्स आणि दोन फोटो घेऊन. मी त्यांना सांगितलं, तो नाही यायचा. ऑर्डर होती म्हणून. त्याला कधीच बोललो नाही." मग तेही बोलले, जे बोलायची त्यांना सगळ्यात भीती वाटत होती. "तू त्या सकाळी बोललीस ते खरं नव्हतं. त्याला बोलावलं होतं. घाटावर मी त्याला कबूल केलं होतं, तुला सांगीन म्हणून. कावळा तेव्हा आला."

दिव्यानं पडद्यावरून हात काढून मांडीवर ठेवले.

"मी कुठं होतो तेव्हा?" अय्याजनं विचारलं.

"तुझ्या शेडात. तुम्ही दोघं. लोणचं काढत होता."

अय्याज तोंड फिरवून काचेबाहेर बघायला लागला.

स्वरूपानं मोबाइल उचलला, पदरानं काच पुसली आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "सहा महिने मी घास पाण्याबरोबर गिळते, भाऊजी. तुम्ही समोर बसलेले असता." मग ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली, दिव्याला म्हणाली, "गाडी छान निवडली होती. पण नको आता," आणि निघून गेली. हायवेच्या कडेनं तिला रिक्षा शोधत चालताना तिघं काचेतून बघत होते. तिच्यामागं जायची कुणाची छाती झाली नाही.

ऑर्डर रद्द झाली. स्वरूपानं तळवड्याला खोली घेतली, यशोदाबाई स्वतः जाऊन तिची भांडी लावून आल्या आणि आल्यावर नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जेवायला वाढायच्या, ताट सरकवायच्या, तेवढंच. अय्याज गल्लीत समोरून आला तर मान खाली घालून जायचा. उद्धवरावांनी ते सगळं आपल्या वाट्याचं समजून घेतलं. एक गोष्ट मात्र झाली होती. शोरूमहून आल्यापासून साडेबाराची घंटा बंद झाली. नळावर पाणी सोडलं तर नुसतं पाणीच पडायचं. नऊ दिवस असे गेले. आपण सुटलो, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना, पण मनात तेच होतं. त्यांनी स्टुलावर चढून घंटेची वायर पुन्हा जोडली. ऑर्डरीचे फोन चुकत होते.

दहाव्या दिवशी साडेबाराला घंटा वाजली. उद्धवरावांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ते जागचे हलले नाहीत. पुन्हा सुरू झालं, त्यांना वाटलं, आता मरेपर्यंत.

"भाऊ," ज्ञानेश म्हणाला, "फोन वाजतोय."

त्यांनी वर बघितलं. सगळीच माणसं घंटेकडे बघत होती. ते उठले, टेबलाशी गेले.

"भाऊजी," स्वरूपाचा आवाज होता. "तो फोन परत सांगा. पहिल्यापासून. ते काय म्हणाले, जसंच्या तसं."

उद्धवरावांनी सांगितलं. नवनाथ शिंगाडे आहेत का, असं विचारलं. सोमवार, आठ वाजता, दोन नंबरचं गेट, लायसन्स, दोन फोटो. तीन वर्षं झाली तरी एक शब्द पुढंमागं झाला नव्हता.

"आणि काय म्हणाले?"

"एवढंच."

"भाऊजी."

उद्धवरावांनी डोळे मिटले. हे त्यांनी शोरूममध्येही सांगितलं नव्हतं. हे सांगायला ऑर्डरीचं निमित्त नव्हतं, काहीच निमित्त नव्हतं, आणि हा निरोप द्यायला तर तीस पावलंच जायचं होतं. "म्हणाले, त्यांना आवर्जून सांगा," ते म्हणाले. "चाळीस जण आले होते. गाडी यांच्यासारखी कुणी चालवली नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिचा फोन पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. आता दिवाळी होऊन गेली, रोज येतो. शेडमधली माणसं त्या वेळेला डबा उचलून बाहेर सावलीत जाऊन बसतात, कुणी काही सांगितलं नाही तरी. रविवारी शेड बंद असतो, पण उद्धवराव बसनं येतात, शटर अर्धं वर करतात आणि टेबलाशी बसून राहतात. कधीतरी ती पुरे म्हणेल असं त्यांना सुरुवातीला वाटायचं. ती नाव घेत नाही, कसे आहात विचारत नाही, रागावतही नाही.

"सांगा, भाऊजी," एवढंच म्हणते. उद्धवराव उभे राहतात आणि नवनाथ शिंगाडे आहेत का, इथपासून सगळं सांगतात.